निरोपाचा सण

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

सात महिने झाले, मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन निरोप आले, तेही वाचून तसेच ठेवले. रागाव, तुझा हक्क आहे, पण पत्र पुरतं वाच. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, बाकी काही नाही.

काल स्वर्गारोहणाचा गुरुवार झाला, पुनरुत्थित येशू शिष्यांचा निरोप घेऊन स्वर्गात गेला तो दिवस. पाळकांचा घसा बसलेला, म्हणून वाचन माझ्याकडे आलं. उपासनेला माणसं किती? अकरा. नाताळाला उभं राहायला जागा नसते आणि या दिवशी अकरा! मग लक्षात आलं, येशूला धरून देणारा यहूदा गेल्यावर बारा प्रेषितही अकराच उरले होते. तू असतास तर हे तिथेच मोठ्याने बोलून मोकळा झाला असतास आणि आपल्याला पुन्हा मागच्या बाकावर बसवलं असतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातलं वाचन होतं. येशूने शिष्यांना बेथानीपर्यंत नेलं, हात वर केले, आशीर्वाद देता देता तो त्यांच्यापासून वेगळा झाला. इथवर नीट वाचलं. पुढे येतं, ते मोठ्या आनंदाने यरुशलेमेस परत गेले. तिथे माझा आवाजच फुटेना. लोकांना वाटलं, चष्म्याचं काही असेल.

चष्म्याचं काही नव्हतं. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. सात महिने मी फक्त तुझ्याशीच गप्प आहे असं नाही. प्रार्थनेला बसतो, शब्द म्हणतो, आणि पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. कुलूप लागलेल्या घराचं दार वाजवत उभं राहावं तसं. अशा माणसाने ‘तो गेला आणि ते आनंदाने परतले’ हे कुठल्या तोंडाने वाचायचं?

तरुण संघाच्या अभ्यासवर्गात तू विचारलं होतंस, “निरोपाचा सण कोण करतं?” मी केवढा भडकलो होतो. तुझा विश्वासच कच्चा आहे, असं सगळ्यांसमोर म्हणालो. त्याची माफी मी कधी मागितली नाही, आज मागतो. प्रश्न बरोबर होता. आणि ‘देवाच्या उजवीकडे’ म्हणजे नक्की कुठे, यावरून आपण घरी पोचेपर्यंत भांडलो तेही आठवतं ना? पुढे कळलं की 1529 मध्ये जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोघे धर्मसुधारक प्रभुभोजनाच्या वादात याच शब्दावर अडले होते. झ्विंग्ली म्हणे, येशूचं शरीर पित्याच्या उजवीकडे आहे, मग प्रभुभोजनाच्या भाकरीत कसं असेल? ल्यूथर म्हणे, देवाचा उजवा हात सगळीकडेच आहे. त्याने टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे येशूचे शब्द लिहून ठेवले होते, आणि त्या शब्दांवरून तो तसूभर हलला नाही. तुझीच जात! आज मला एवढंच वाटतं की ती भाषा 110 व्या स्तोत्रातली, राजाची आहे. उजवीकडे बसवणं म्हणजे अधिकार देणं. नकाशात ती जागा शोधायची नाही.

रात्री झोप लागेना, म्हणून तोच अध्याय पुन्हा काढला. या वेळी मन हातांवर थांबलं. आशीर्वादासाठी वर केलेले ते हात खिळ्यांचे होते. त्याच अध्यायात, थोडंच वर, त्याने ते शिष्यांना दाखवले आहेत. म्हणजे शरीर इथे टाकून तो गेला नाही, व्रणांसकट गेला. जुन्या चित्रांत ढगाखाली नुसती दोन पावलं लोंबताना दिसतात. आपण लहानपणी त्यावर किती हसायचो. काल हसू आलं नाही. माणसाचं शरीर, जखमा झालेलं, देवाजवळ आहे, हेच तर तो चित्रकार सांगत होता. इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की आपल्यासाठी मध्यस्थी करायला तो सर्वदा जिवंत आहे. मला शब्द सापडत नाहीत त्या रात्रीही माझं नाव तिथे कुणीतरी घेतंय. एरवी तो देवाच्या उजवीकडे बसलेला आहे असं लिहिलंय, पण पहिला हुतात्मा स्तेफन, त्याच्यावर दगड पडायच्या वेळी तो उभा दिसतो. आपलं माणूस मार खात असताना त्यालाही बसवलं नसेल. हा माझा अर्थ, पाळकांना विचारलेला नाही.

पण मला धरून ठेवलं ते त्या दहा दिवसांनी. पुनरुत्थानापासून चाळिसाव्या दिवशी तो गेला, पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला पन्नासाव्याला, पेंटेकॉस्टला. मधे ना तो डोळ्यांसमोर, ना आत्मा आलेला. किती दिवस थांबायचं हेही माहीत नाही; ‘थोड्याच दिवसांत’ एवढंच सांगितलेलं. मित्रा, मी त्या दहा दिवसांत अडकलोय. माझे लांबले आहेत, एवढंच. आणि त्या दिवसांबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत लूक काय सांगतो? माडीवरच्या खोलीत ते सगळे एकत्र प्रार्थना करत राहिले. स्त्रिया, मरीया, त्याचे भाऊ, सगळे मिळून सुमारे एकशेवीस. एकटा कुणी थांबला नाही. सात महिने मी नेमकं तेच करत होतो, दार लावून एकटा बसलो होतो.

म्हणून हे पत्र. पेंटेकॉस्टला नऊ दिवस आहेत. रोज रात्री नऊला तू तिकडे बस, मी इकडे बसतो. माझ्याकडे शब्द नसतील, तू तुझे म्हण, मी आमेन म्हणेन.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचे डोळे आता कसे आहेत? मुलीला शाबासकी सांग, तिला वेगळं लिहीन. वहिनींना सलाम.

पत्र हाती पडेपर्यंत दोन-तीन दिवस जातील, तोवर थांबणं नको. उद्या फोन करतो. उचल.

तुझाच