वहिनी, राजीनामा देऊ नका

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. भूकंपाची बातमी बघून आई रात्रभर जागी होती म्हणे, तिला सांगा इथे जपानात अधूनमधून हलतंच, लोक जेवणावरून उठतसुद्धा नाहीत. खाण्याचे हाल वगैरे काही नाहीत, टोकियोतल्या निशीकासाईला आपली दुकानं आहेत, तूरडाळ-पोहे सगळं मिळतं, आणि वजन कमी झालंय ते चालण्याने, उपाशी राहून नाही.

दादा म्हणाला तुम्ही शाळेतली नोकरी सोडताय. फोनवर आई शेजारीच होती म्हणून बोललो नाही. अण्णांना उठवणं-बसवणं, आईची शुगर, चिंगीची दहावी, बारक्याचं आजारपण, कसं होतं ते मला माहीत आहे, लिहीत बसत नाही.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई आहे. पोरगं पाळणाघरात, आणि आईला विसरायचा आजार. इथे गल्लीत सकाळी व्हॅन येते आणि म्हाताऱ्यांना घेऊन जाते, दिवसभर तिथे जेवण, अंघोळ, व्यायाम, गाणी, संध्याकाळी परत घरी. गंमत म्हणजे पाळणाघराची एक वही असते तशी म्हाताऱ्यांचीही असते! पोराच्या वहीत रोज लिहायचं ताप किती, रात्री काय खाल्लं, किती वाजता झोपला, शी कशी झाली (हो, खरंच लिहितात), आणि संध्याकाळी पाळणाघरवाले दिवसभराचं लिहून परत देतात. आईच्या वहीतही जवळपास तेच, वर गोळ्या आणि बीपी. शिवाय पोराच्या प्रत्येक डायपरवर नाव घालायचं, त्याचा रबरी शिक्काच मिळतो. तिने एकदा घाईत वह्यांची अदलाबदल केली, तर पाळणाघरातून फोन, बाळाला बीपीची गोळी कधीपासून चालू आहे म्हणून. ती हसत सांगत होती पण डोळे सुजलेले होते.

इथेही पूर्वी हे सगळं सुनेच्याच गळ्यात असायचं. मग २००० साली इथल्या सरकारने देखभालीचा विमा सुरू केला, चाळिशीपासून हप्ता कापतात, म्हातारपणी गरज पडली की तपासून मदत ठरवतात, आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो. कुठल्या दिवशी काय ते केअर मॅनेजर बसवून देतो. नोकरदाराला आईवडिलांसाठी, सासूसासऱ्यांसाठीसुद्धा, ९३ दिवस रजा मिळते, तीन तुकड्यांत घेता येते, पगाराच्या ६७ टक्के पैसे मिळतात. आणि सरकारच सांगतं की ही रजा स्वतः सेवा करत बसायला नाही, व्यवस्था लावायला आहे. मला हेच पटलं. एवढं असूनही वर्षाला लाखभर लोक आईवडिलांपायी नोकरी सोडतात, म्हणजे इथे स्वर्ग आहे असं मी म्हणत नाहीये.

आता तुम्ही म्हणाल तिकडे बसून शहाणपणा शिकवतोय. म्हणा. पण आधी रजा दादाने टाकावी, तुम्ही राजीनामा नाही, हे त्यालाही वाचायला द्या. अण्णांचं सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड काढलं का? ५ लाखांपर्यंत दवाखान्याचं निघतं, पण ॲडमिट झाल्यावर. रोज अंघोळ कोण घालणार याला कुठलं कार्ड नाही, म्हणून ब्यूरोची दिवसाची बाई बघा. येनचा भाव पडलाय, तरी तिचा पगार मी पाठवणार, त्यावर चर्चा नको. आई म्हणेल परकी बाई घरात कशाला, तिला दादाने समजवावं, तुमच्या तोंडून गेलं तर ते वेगळंच होईल.

कराडच्या स्थळाला नाही कळवा. मुलगी चांगली आहे, तो प्रश्नच नाही. पण आई फोनवर म्हणाली, तुझं झालं की अण्णांना बघायला आणखी एक माणूस येईल घरात. त्या मुलीला याच्यासाठी आणायचं आणि मी इकडे, हे मला जमणार नाही. आईला फक्त पत्रिका जुळत नाही सांगा.

गणपतीला सुट्टी नाही मिळत, दिवाळीला बघतो. चिंगीच्या क्लासची फी भरली का? नसेल तर बाईच्या पैशात तीही घालतो, बाई किती मागते ते विचारून या आठवड्यात कळवा, पैसे तुमच्याच खात्यावर टाकतो, दादाच्या नाही.

तुमचा
धाकटा