डीएनए चाचणीत लेकराचा विचार कुणी करायचा?

महोदय,

पितृत्वाच्या वादाच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्यांत नवरा असतो, बायको असते. मूल मात्र रक्ताच्या नमुन्यापुरते. आमच्या घरात हे घडून गेले आहे, म्हणून लिहिते.

माझ्या भावाला संशय आला तेव्हा भाचा सहा वर्षांचा होता. भावाने कुणालाही न सांगता खासगी प्रयोगशाळेतून चाचणी करून घेतली. दात बघायचेत म्हणून पोराला आ करायला लावला आणि गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. अहवाल जुळला नाही. मायलेक घराबाहेर पडले आणि आठवडाभरात माझ्या आई-वडिलांनी नातवाचे नाव घेणेही सोडले. भावाची फसवणूक झाली हे मी नाकारत नाही, त्याला हमसून रडताना मी पाहिले आहे. पण आजोबांच्या पाठीवर घोडा घोडा करणाऱ्या त्या पोराने कुणाला फसवले होते?

१८७२च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११६ झाले आहे. लग्न टिकून असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच औरस मानायचे. गर्भधारणेच्या काळात पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते असे सिद्ध झाले तरच अपवाद. डीएनएच्या काळात हे कलम जुनाट झाले, असे बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. लेकरावर बेवारशीपणाचा शिक्का बसू नये, ही त्यातली काळजी जुनी होत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात चाचणीचा निष्कर्ष ग्राह्य धरून पुरुषाला मुलीच्या पोटगीतून मोकळे केले, तरी आधी दिलेली रक्कम परत घेऊ दिली नाही. आणि फेब्रुवारी २०२३मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की बायकोवरचा व्यभिचाराचा आरोप शाबीत करायला मुलाची चाचणी सरसकट करता येणार नाही. आरोप आईवर आहे, तर त्याचा पुरावा मुलाच्या अंगातून का काढायचा?

पण न्यायालय फार तर पोटगीचे ठरवील. मूल आजारी पडले तर आजीने जायचे की नाही, हे कुठला न्यायाधीश सांगणार? ते घराने ठरवायचे असते, आणि आमच्या घराने ते पाठ फिरवून ठरवले. खरे काय ते भाच्याला आम्हीच, त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत, सांगायला हवे होते. ते त्याला अकराव्या वर्षी एका शेजारणीच्या तोंडून कळले. याची लाज मला आजही वाटते. त्याच्या डॉक्टरांच्या कागदांवर 'वडिलांकडचे आजार' या रकान्यात माझ्या वडिलांचा मधुमेह कितीतरी दिवस तसाच होता; तो काढायचेही कुणाला सुचले नाही.

भाऊ कायद्याने मोकळा असेल. मी आत्या म्हणून मोकळी झालेले नाही. मी जाते, त्याच्या अभ्यासाचे बघते. भाचा आता पंधरा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात त्याने विचारले, "आत्या, बाबांचं मी समजू शकतो. पण आजोबांनी मला का सोडलं?" हा प्रश्न मी वडिलांना जसाच्या तसा सांगितला. ते उठून आतल्या खोलीत गेले. मी पुन्हा विचारणार आहे.

– एक आत्या
(नाव व पत्ता छापू नये, ही विनंती.)