उद्याचे कपडे उसवता येतील का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उद्याच्या कपड्यांवर आलेला लेख मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्याकडच्या दोघी मुली काजं-हुक करता करता ऐकत होत्या. अंगाच्या तापमानाप्रमाणे गरम-गार होणारं जॅकेट, फोनवरून रंग बदलणारी साडी, आरशापुढे उभं राहिलं की आपोआप घेतलं जाणारं माप. त्यातली धाकटी म्हणाली, "ताई, ती रंग बदलणारी साडी पिको-फॉलला आली तर दोरा कुठला लावायचा?" आम्ही हसलो, पण तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. लेखातला कपडा दुकानातून बाहेर पडेपर्यंतच लेखकाला त्यात रस होता. पुढं तो धुणार कोण, उसवला तर शिवणार कोण, अंग भरलं तर सैल कसा करणार, याबद्दल एक ओळ नाही. मी मिरजेत लेडीज टेलर आहे. तीसेक वर्षं माझं पोट याच पुढच्या कामावर चाललंय, म्हणून हे पत्र.

साधा अस्तराचा ब्लाऊज घ्या. आम्ही अस्तर आधी भिजवून वाळवतो, कारण ते आटतं. मग कापताना काखेखाली दोन्ही बाजूंना इंच-सव्वा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडतो आणि बाजूच्या शिवणीला एकाशेजारी एक अशा दोन-तीन टिपा मारतो. आतली टीप आजच्या मापाची, बाहेरच्या पुढच्या काळासाठी. बाळंतपण झालं, गोळ्या सुरू झाल्या, पन्नाशीत अंग सुटलं, की बाई घरीच ब्लेडनं आतली टीप उसवते आणि तोच ब्लाऊज पुन्हा घालते. लग्नातला शालूवरचा ब्लाऊज मुलीच्या साखरपुड्याला घालणाऱ्या बायका माझ्या गिऱ्हाइकांत आहेत. कारखान्यातल्या कपड्यात ही सोय पहिल्यांदा गेली. तिथं ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडा शिवणाऱ्या यंत्राच्या सुरीनं कापड शिवणीलगत छाटलं जातं. पाव इंचही उरत नाही, कारण हजारो नगांत तेवढं कापड वाचलं तर तो त्यांचा नफा. वर कापड ताणणारं असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तर शिवणच जायला लागली आहे. गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक महागडं रेनजॅकेट घेऊन आलं. बाहीची शिवण टाक्यांची नव्हती, उष्णतेनं चिकटवलेली होती आणि आतून लावलेली पट्टी सापाच्या कातीसारखी सुटून आली होती. टीप मारावी तर सुई जाईल तिथं भोक पडणार आणि त्यातून पाणी आत येणार. कंपनीला फोन केला तर उत्तर, दुरुस्ती करत नाही, नवीन घ्या. बाकी सगळं जॅकेट धडधाकट होतं.

सगळ्या नव्या गोष्टी अशा आहेत असं मी म्हणत नाही. जपानच्या शिमा सेइकी कंपनीनं 1995 साली अख्खा स्वेटर एकाच वेळी, एकही शिवण न घालता विणणारं यंत्र बाजारात आणलं. कापणं नाही, त्यामुळे चिंध्या नाहीत. माझी आजी जुने स्वेटर उसवून, लोकर वाफेवर सरळ करून पुन्हा विणायची. तेव्हा अशा स्वेटरबद्दल माझं काही भांडण नाही. माझं भांडण उलगडता न येणाऱ्या कपड्याशी आहे.

फोनला जोडलेल्या कपड्यांचं पाहा. माझी भाची हिंजवडीला नोकरी करते, तिच्याकडून हे कळलं. गूगल आणि लिव्हाय्स यांनी मिळून 2017 मध्ये एक डेनिमचं जॅकेट आणलं होतं. डाव्या कफमध्ये वीज वाहून नेणारा धागा विणलेला. कफवर हात फिरवला की फोनमधलं गाणं बदलायचं. किंमत 350 डॉलर. ते दहा धुण्यांपर्यंत टिकेल असं तेव्हा सांगितलं जात होतं. आमच्याकडे दहा धुणी म्हणजे उन्हाळ्यातला जेमतेम पंधरवडा! पुढं 2023 मध्ये गूगलनं त्या जॅकेटचं ॲपच बंद केलं. डेनिम पंधरा-वीस वर्षं फाटत नाही, पण त्यातली हुशारी सहा वर्षांत संपली. ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्याकडे आता साधं जॅकेट उरलं. तेवढं तरी उरलं, कारण धागा फक्त कफमध्ये होता. सगळ्या अंगात विणला असता तर काय?

आमच्या पिढीनं असा एक फेरा पाहिलेला आहे. टेरिलीनचं कृत्रिम कापड आलं तेव्हा वडिलांची पँट झिजता झिजेना, इस्त्रीची कटकट गेली, म्हणून घरात कौतुक. आईला नायलॉनची साडी आवडायची, धुतली की तासाभरात वाळते म्हणून. स्टोव्हपाशी ती साडी वितळून कातडीला चिकटते, हे पेपरातल्या बातम्या वाचून मग कळलं. कपड्यात बॅटरी येणार असेल तर हे प्रश्न आधी विचारलेले बरे.

लेखात असंही होतं की यंत्रमानव आले की टेलर संपले. या बाबतीत मी अजून तरी निश्चिंत आहे. अमेरिकेत 2012 साली अटलांटाच्या एका कंपनीला शिवणाऱ्या यंत्रमानवासाठी तिथल्या लष्करी संशोधन संस्थेनं पैसे दिले, तरी टेलर अजून आहेतच. ॲडिडासनं जर्मनी आणि अटलांटात यंत्रांवर चालणारे बुटांचे कारखाने काढले आणि 2020 पर्यंत बंदही केले. अडचण काय असते ते मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या गोलाला, बाही बसवताना कळतं. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी जास्त असते. ते जास्तीचं कापड खांद्यावर, चुणी न पडता, टिपेत जिरवावं लागतं. खालचं कापड डाव्या हाताच्या बोटांनी किंचित ओढून धरायचं, वरचं सोडायचं आणि दर दोन-तीन टाक्यांनी ते बदलायचं. क्रेप असेल तर एक हिशेब, खणाचं कापड असेल तर वेगळाच. लोखंडाचा पत्रा जिथं ठेवला तिथंच राहतो, कापड राहत नाही. सिॲटलच्या एका माणसानं 2016 मध्ये यावर युक्ती काढली. कापड पाण्यात विरघळणाऱ्या रसायनात भिजवून पुठ्ठ्यासारखं कडक करायचं, यंत्रमानवाकडून टी-शर्ट शिवून घ्यायचा आणि मग धुऊन टाकायचं. म्हणजे आमची खळच की! पण टी-शर्ट झाला म्हणून वाटीच्या आकाराचे तुकडे जोडून शिवायचा कटोरी ब्लाऊज होत नाही.

मापाच्या यंत्राचं मात्र मी स्वागत करीन, आणि त्याला एक कारण आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायका माझ्याकडे येतात. टेप लावायला सुद्धा त्यांना नको वाटतं आणि मलाही कुठं बघावं कळत नाही. आत खिसा शिवून फोमचा तुकडा घालून देते. पण फोमला वजन नसतं, त्यामुळे हात वर केला की त्या बाजूनं ब्लाऊज वर सरकतो आणि बाईचा हात दिवसभर पदरावर. शरीर स्कॅन करून दुसऱ्या बाजूसारखाच, योग्य वजनाचा साचा बनवता येतो. असं यंत्र जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आलं तर खिसे मी फुकट शिवून देईन. लेखात मात्र हे यंत्र कशासाठी, तर मॉलमध्ये जीन्स घालून बघायचे कष्ट वाचावेत म्हणून.

तेच उन्हाच्या कपड्यांचं. थंडगार जॅकेट घालून गाडीतून उतरणाऱ्या माणसाचं चित्र आपण छापलंत. आमच्या भागात दिवाळीपासून उसाच्या फडात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात, कारण उसाचं पान ब्लेडसारखं कापतं. एकदा त्यातलीच एक बाई असा शर्ट घेऊन दुकानात आली होती. कोपरापासून मनगटापर्यंत बाहीच्या चिंध्या झालेल्या, पाठीवर घामाचं मीठ. तिला जाड कापडाच्या बाह्या लावून हव्या होत्या, पण "गरम नको व्हायला." मी जुन्या जीन्सच्या पायाच्या बाह्या लावल्या आणि काखेत जाळीचं कापड घातलं. याहून चांगलं काही मला सुचलं नाही.

ज्यांना सुचायला हवं त्यांच्याकडे साधनं आहेत. जपानमध्ये हिरोशी इचिगाया या सोनीतल्या माजी अभियंत्यानं 2004 मध्ये कंपनी काढून कमरेपाशी दोन छोटे पंखे बसवलेली जॅकेटं विकायला सुरुवात केली. आज तिथले बांधकामावरचे मजूर ती सर्रास वापरतात. पंखे आणि बॅटरी काढून ठेवायची आणि जॅकेट धुवायचं. पंखा बिघडला तर पंखा बदलायचा. बनवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे हे यातच कळतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात यी कुई यांच्या गटानं 2016 मध्ये बारीक छिद्रांच्या पॉलिथिनचं कापड दाखवलं. अंगातून निघणारी उष्णता त्यातून आरपार जाते आणि सुती कापडाखाली असते त्यापेक्षा त्वचा दोनेक अंशांनी गार राहते. इचलकरंजी माझ्या दुकानापासून तासाभराच्या अंतरावर आहे. यंत्रमागही तिथं आहेत आणि कापडाचं शिक्षण देणारं इंजिनिअरिंग कॉलेजही. ऊसतोडीच्या बाईचा शर्ट हा तिथल्या मुलांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय का होऊ नये?

आणि एक मागणी. फ्रान्समध्ये 2023 च्या शेवटापासून कपडे आणि चपला-बूट दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलात 6 ते 25 युरोपर्यंत सूट मिळू लागली. नवं घेण्यापेक्षा शिवून घेणं परवडावं, एवढाच हेतू. आपल्याकडे एवढ्या पैशांची अपेक्षा नाही. पण कपड्याच्या लेबलवर किती गरम पाण्यात धुवा हे छापतात, तसं शिवण टाक्यांची आहे की चिकटवलेली, आत तार-बॅटरी असेल तर ती निघते का, हे छापायला काय हरकत आहे? आणि आयटीआयच्या शिवणवर्गात विजेच्या धाग्याचं काम शिकवायला घ्या. धाकटीचं शिकायचं वय आहे, ती पहिल्या तुकडीत जाईल. मीसुद्धा जाईन.

लेखकांना माझा निरोप द्यावा. पुढचा लेख लिहिण्याआधी एखाद्या दुपारी दुकानात येऊन बसावं, फक्त दिवाळीनंतर. आत्ता बाह्या लावायचे चाळीसेक ब्लाऊज समोर पडलेत.

आपली,
एक लेडीज टेलर, मिरज