चिपळूणच्या त्या पोराला जाहीर थँक्यू, माझ्या विमानासाठी

बाबू,

तुला फोनवर थँक्यू म्हटलं की तू "काय मावशी, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलतोस, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. कळू दे लोकांना, चिपळूणात मोबाईल रिपेअरिंगच्या काउंटरमागे बसणाऱ्या पोराने गुहागरात खानावळ चालवणाऱ्या बाईचं रिमोटवालं विमान कसं उडवलं ते.

पहिलं थँक्यू तुझ्या "नाही"ला. मला हवं होतं ते लढाऊ विमानासारखं किट, पंख खालच्या बाजूला, टोकदार नाक, रंग तर काय भारी. तू फोटो बघितलास आणि विचारलंस, मावशी, घाबरून रिमोटची स्टिक सोडलीत तर हे आपोआप सरळ होईल का? आणि बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, काढून दाखवलंस, पंख वरती, दोन्ही टोकं जराशी उचललेली, मीटरभर लांबी, ईपीओ नावाच्या चिवट फोमचं, कंट्रोल म्हणजे थ्रॉटल (मोटरचा जोर), एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (डावी-उजवीकडे वळायला), बस. घरचे म्हणाले खेळण्यातलं दिसतंय. दिसू दे की! हळू उडतं म्हणून मला विचार करायला वेळ मिळतो, आणि थोडं उंचावर असताना कलंडलं तर हात ढिला सोडला की स्वतःचं स्वतः सावरतं, ते लढाऊवालं एवढी दयामाया दाखवणारं नव्हतं.

किट आल्यावर मी म्हटलं मोटर जरा मोठी टाकूया का. तू काही बोलला नाहीस, माझा मसाल्याचा वजनकाटा मागितलास. एकेक पार्ट त्यावर ठेवलास, चाकं आणि त्यांची तार बाजूला काढलीस, कारण रेतीत चाकं रुततात आणि विमान नाकावर जातं, हाताने फेकून उडवायचं असेल तर ती नुसतं वजन. पोटाखाली सनपॅक शीटची (पातळ प्लास्टिकची) पट्टी लावलीस, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उतरवलं तर कातळाने फोम सोलू नये म्हणून. मग वॉटमीटर जोडलास, तीन सेलची बॅटरी, आठ बाय चारचा प्रॉपेलर, फुल थ्रॉटलला १४ अँपिअर म्हणजे साधारण १५० वॉट, आणि विमान बॅटरीसकट ७५० ग्रॅम. किलोमागे २०० वॉट झाले, शिकायच्या विमानाला भरपूर. मोठी मोटर लावली की ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) मोठा, मग बॅटरी मोठी, म्हणजे परत वजन, आणि वजन वाढलं की हवेत टिकायला स्पीड जास्त लागतो, उतरताना पण जास्तच. हे एवढं कोणी सांगत नाही रे, सगळे आपले पार्ट विकतात.

आणि ते बॅलन्सिंग! पंखाची रुंदी १८ सेंटीमीटर, पुढच्या कडेपासून ५ सेंटीमीटरवर तू दोन्हीकडे पेनाने ठिपके केलेस, त्या ठिपक्यांखाली दोन बोटं धरून विमान उचललंस, तर शेपूट खाली. मी शिसं शोधायला लागले तर म्हणालास, आत्ताच वजन काढलंय ना आपण? कटरने बॅटरीच्या खणातला पुढचा फोम कोरलास, थोडं कोरायचं, बॅटरी पुढे सरकवायची, परत बोटांवर धरायचं. शेवटी नाक अगदी किंचित खाली झुकून विमान थांबलं तेव्हा तू वेलक्रो चिकटवलंस. शेपटीकडे जड असलेलं विमान नवशिक्याच्या हातात राहत नाही म्हणतात, माझं राहिलं.

थ्रॉटल दिला की नाक वर उचलायचं, त्याला तू मोटर माउंटच्या वरच्या दोन स्क्रूंमागे वॉशर घातलेस, मोटर खाली बघायला लागली, खोड गेली. एकावेळी एकच गोष्ट बदलायची, उडवून बघायची, मग पुढची, हे तुझंच. प्रॉपेलर काढून ठेवायचा आणि रिमोट मुद्दाम बंद करून मोटर थांबते का ते बघायचं, हेही तुझंच.

वाऱ्याचं मात्र खास. इथे जन्म गेला, पण दुपारी समुद्रावरून येतो तो खारा आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई, याचा विमानाशी काय संबंध ते तुझ्यामुळे कळलं. सकाळी वारा मंद म्हणून उडवायला बरं, पण तोच वारा विमान पाण्याकडे ढकलत असतो, म्हणून फेकायचं जमिनीकडच्या सुरूच्या बनाकडे तोंड करून आणि वळायचं ते कायम जमिनीच्या बाजूला. (झाडांपासून लांब ओहोटीच्या घट्ट रेतीवर उभं राहून, हे वाचणाऱ्यांसाठी.) आणि आपल्या रेतीतले ते काळे कण, ते मोटरच्या चुंबकाला चिकटून बसतात, तू ब्रश मारून आणि चिकटपट्टी दाबून दाबून काढलेस, तेव्हापासून मी उतरवायला जुनं चादरीएवढं ताडपत्रीचं तुकडं अंथरते. विमान त्यावर उतरतंच असं नाही, तो भाग वेगळा.

बॅटरी स्कूटीच्या डिकीत ठेवत नाही, उडवायचं नसेल तेव्हा सेलला ३.८ व्होल्टवर ठेवते, चार्जिंग बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणारा) आणि समोर बसून. १३०० एमएएचची आहे ना, मग १.३ अँपिअरवरच, घाईघाईत वाढवत नाही.

आता तू पुण्याला नोकरीला गेलास, चांगलं झालं. पण गणपतीला येशील तेव्हा वाकडी वाट करून गुहागरला ये, पंखावर एलेरॉन (विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) लावायचेत, फोम कापायचं धाडस माझं होत नाही. येताना त्या पट्ट्या हलवायला नऊ ग्रॅमवाले दोन सर्वो (छोट्या मोटरी) आण. पैसे मी देणार, आणि यावेळी "राहू दे मावशी" म्हणालास तर जेवायला वाढणार नाही.

तुझी गुहागरची मावशी