पोलीस चौकशीला घरी आले तर: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

वरच्या खोलीतला भाडेकरू सोडून गेला आणि मागून त्याच्याविरुद्ध तक्रार झाली, म्हणजे आज ना उद्या चौकशीसाठी कोणीतरी आपल्या दारात येणार. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, हे पत्र भाडेकराराच्या फाइलीत लावून ठेवा.

आधी आकड्यांचा घोळ मिटवते. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कट्ट्यावरचं कोणी '१६०ची नोटीस' किंवा '४१-अ' म्हणालं तर ती जुनी कलमं. आता १६०च्या जागी १७९ आणि ४१-अच्या जागी ३५(३) आहे. एवढे दोन आकडे पाठ असू द्या. पोलिसांच्या हातातल्या कागदावर यांपैकी कोणता आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

१७९ म्हणजे तुम्ही साक्षीदार. या कलमाखाली बोलावणं लेखीच असावं लागतं. "साहेबांनी बोलावलंय, चला जरा ठाण्यात" हा निरोप म्हणजे नोटीस नव्हे. शिवाय याच कलमाच्या परंतुकात लिहिलंय की साठ वर्षांवरचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला सांगता येत नाही. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी ही मर्यादा पासष्ट होती, ती आता साठ झाली आहे. म्हणजे बाबा वयामुळे आणि आई स्त्री म्हणून, दोघांचाही जबाब घरीच घ्यायला हवा. तुम्ही स्वखुशीने गेलात तर कायद्याची हरकत नाही, आणि गोची नेमकी तिथेच होते. पोलीस गोड बोलून नेतात आणि कागदोपत्री तुम्ही 'स्वेच्छेने हजर' होता. तेव्हा शांतपणे एवढंच म्हणा: "साहेब, आमचं वय झालंय, १७९ प्रमाणे जबाब घरीच घ्या, आम्ही पूर्ण सहकार्य करतो." वयाचा पुरावा म्हणून आधारची झेरॉक्स हाताशी ठेवा.

३५(३) म्हणजे तुमच्यावर संशय आहे, किंवा तक्रारीत तुमचं नाव आहे. इथे घरीच जबाब घेण्याची सवलत नाही. नोटिशीत दिलेल्या दिवशी हजर राहावंच लागतं, नाहीतर तेच अटकेचं कारण होऊ शकतं. उलट नोटीस पाळत राहिलात तर अटक करायची गरज का आहे, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं. ही नोटीस हातात पडली की आधी वकिलांना फोन, मग बाकीचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली नोटीस धरायची नाही. ३५ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपने किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. प्रत्यक्ष दिली तर पोच म्हणून सही करा आणि सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने टाका. मात्र वकिलांना ती व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीसही दाखवा. दुर्लक्ष करणं वेगळं आणि उत्तर कसं द्यायचं ते ठरवणं वेगळं.

आता दारातलं. बेल वाजली की लाकडी दार उघडा, जाळीचं नको. नाव, हुद्दा, कोणतं पोलीस ठाणं, हे विचारा. गणवेशावर नावाची पट्टी असते. डीबी पथकातले (गुन्हे शोध पथकातले) लोक साध्या कपड्यांत येतात, त्यांचं ओळखपत्र मागायचंच, त्यात अपमान कोणाचा नाही. शंका वाटली तर ठाण्याला फोन करून खात्री करा, पण नंबर त्यांनी दिलेला नव्हे, आपण शोधलेला. नाहीतर सरळ ११२. मग विचारा: गुन्हा दाखल झालाय की नुसती अर्ज चौकशी आहे? गुन्हा रजिस्टर नंबर काय? तपासी अंमलदार कोण? हे सगळं वहीत वेळ घालून टिपून घ्या. नंबर मिळाला की संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआरची प्रत राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

आई, तू चहा टाकशील हे माहीत आहे. टाक. फक्त चहा पिताना ज्या 'सहज' गप्पा होतात, त्या सहज नसतात.

जबाबाचं जरा तपशिलात सांगते, कारण माणसं अडकतात ती इथे. तुम्ही बोलता, हवालदार आपल्या भाषेत लिहितात किंवा लॅपटॉपवर टाइप करतात. तुम्ही म्हणता, "तो रात्री उशिरा यायचा, कामच तसं होतं त्याचं." कागदावर उतरतं, "सदर इसम रात्री-अपरात्री ये-जा करीत असे." कामाचा उल्लेख गळाला आणि वाक्याचा रोख बदलला. "मला माहीत नाही" याचं "मला आता आठवत नाही" होतं, आणि पुढे कोर्टात "तेव्हा आठवत नव्हतं, मग आज कसं आठवलं?" असा प्रश्न येतो. यात दरवेळी वाईट हेतू असतो असं नाही. रोज तेच साचे लिहून हात बसलेला असतो. पण भोगायचं तुम्हाला. म्हणून छोटी वाक्यं बोला. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगा. शेजाऱ्यांकडून ऐकलेलं असेल तर "ऐकलंय" असा शब्द कागदावर आलाच पाहिजे. बाबा, तुमचं 'बहुतेक' आणि 'साधारण' इथे चालणार नाही. तारीख नक्की नसेल तर तारीख सांगायचीच नाही.

जबाबाच्या शेवटी ठरलेलं वाक्य असतं, 'माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' ते वाक्य खरं करा. चष्मा लावा, पूर्ण वाचा, चूक दिसली की दुरुस्त करायला सांगा. आणि सही? गुन्ह्याच्या तपासात कलम १८० खाली घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नाही, असं कलम १८१ स्पष्ट सांगतं. तरीही सवयीने "इथे सही करा काका" म्हणतात. तेव्हा "१८१ प्रमाणे सही लागत नाही ना साहेब?" असं नम्रपणे विचारा, बहुतेक वेळा तिथेच थांबतं. पण गुन्हा दाखल होण्याआधीच्या अर्ज चौकशीत १८१चं हे संरक्षण नसतं आणि तिथे सही घेतात. म्हणून गुन्हा की अर्ज हे आधी विचारायचं. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. साक्षीदाराला जबाबाची प्रत लगेच हातात पडत नाही, म्हणून ते लोक गेल्या गेल्या काय विचारलं आणि काय सांगितलं ते वहीत लिहून ठेवा.

गप्प राहण्याचा हक्क आहे, पण तो कुठवर, हे समजून घ्या. राज्यघटनेचं कलम २०(३) म्हणतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येणार नाही. साक्षीदारालाही त्याच धर्तीचं संरक्षण १८०(२) मध्ये आहे: ज्या उत्तरामुळे तुमच्यावरच फौजदारी आरोप किंवा दंड येऊ शकतो, ते उत्तर देणं बंधनकारक नाही. बाकीच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यावीच लागतात. आपल्याच बाबतीतलं उदाहरण देते. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, असा आदेश शहरांत वेळोवेळी निघतो, आणि तो मोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा आहे. "भाडेकरू किती दिवस होता?" हा साक्षीदाराला विचारायचा प्रश्न झाला. "त्याची माहिती ठाण्यात का दिली नाही?" हा प्रश्न तुमच्याकडे वळलेला आहे. अशा वेळी म्हणायचं, "याचं उत्तर वकिलांशी बोलून देतो." खोटं मात्र बोलायचं नाही. सरकारी नोकराला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. गप्प बसणं निस्तरता येतं, खोटं निस्तरत नाही.

हा हक्क कोर्टापुरता नाही, पोलिसांच्या प्रश्नांपासूनच तो सुरू होतो, हे ठरलं १९७८ मध्ये, ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात. त्यांना कटकच्या ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नावली पुढे ठेवली होती. स्त्रीला ठाण्यात बोलावणं हेच मुळात कायद्याविरुद्ध होतं, हेही न्यायालयाने तेव्हाच सुनावलं. उलट बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, हे १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात ठरलं. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने नमुना मागितला तर '२०(३)' म्हणून अडून बसू नका.

झडतीचं वेगळं. वॉरंट आहे का, विचारा. नसेल तर कलम १८५ खाली तपासी अधिकारी तातडीच्या वेळी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो, पण कारणं आणि काय शोधतोय ते आधी लिहून. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क आहे. परिसरातले दोन तटस्थ, प्रतिष्ठित पंच लागतात, आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. "शूटिंग सुरू आहे ना?" असं विचारायला लाजू नका. आत येण्याआधी पोलीस आणि पंचांनी स्वतःची अंगझडती द्यावी, अशी विनंती करता येते. एकजण त्यांच्याबरोबर खोलीखोलीत फिरा, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत शिरू नयेत एवढं पाहा. आईची झडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत घेतल्याशिवाय कोणाला निरोप देऊ नका. फोन नेला तर मॉडेल आणि आयएमईआय नंबर यादीत लिहिलाय ना, पाकिटाला सील लागलंय ना, ते बघा. पासवर्ड वकिलांशी बोलल्याशिवाय सांगू नका.

आणि हे नीट ऐका: झडती बेकायदा वाटली तरी दारात आडवे उभे राहू नका, हात धरू नका. सरकारी कामात अडथळा म्हणून न्याय संहितेचं १३२ किंवा २२१ लागलं की मूळ चौकशी राहते बाजूला आणि तुम्हीच आरोपी होता. "मला हे मान्य नाही, पण मी अडवत नाही" एवढंच मोठ्याने बोला, चित्रीकरणात ते येऊ द्या. हक्काचा वाद कोर्टात घालायचा असतो, उंबऱ्यावर नाही.

अटकेपर्यंत गोष्ट जाईल असं वाटत नाही, तरी थोडक्यात. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीवरच्या किंवा दुर्बल माणसाला अटक करायची तर उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, ३५(७) बघा. अटकेची कारणं तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. अटकेच्या कागदावर घरच्या किंवा परिसरातल्या एका माणसाची साक्ष हवी, तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. आवडीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क घटनेच्या २२व्या कलमातच आहे. फक्त प्रश्न चालू असताना वकील पूर्णवेळ शेजारी बसेल अशी अपेक्षा धरू नका, कायदा तेवढं देत नाही. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक होत नाही. अपवाद असलाच तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात.

व्हिडिओ कॉलवर खाकी घालून कोणी "तुम्ही डिजिटल अटकेत आहात, खोलीबाहेर जायचं नाही, कोणाला सांगायचं नाही" म्हणालं तर फोन ठेवून द्या. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

वकिलांचा नंबर मोठ्या अक्षरात टेलिफोनच्या टेबलावर चिकटवा. ते भेटले नाहीत तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० आहे. स्त्री म्हणून आईला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. फाइलीत नोंदणीकृत भाडेकरार, भाडेकरूच्या आधारची झेरॉक्स, पोलिसांच्या संकेतस्थळावर त्याची माहिती भरल्याची पावती आणि डॉक्टरांची ताजी चिठ्ठी असू दे. मूळ कागद मागितले तर आधी झेरॉक्स द्या, मूळ हवेच असतील तर लेखी मागणी घ्या आणि दिल्याची पोच घ्या. भाडेकरूची माहिती भरल्याची ती पावती बाबांच्या ई-मेलमध्ये असेल. रविवारी फोन करते, तोवर शोधून ठेवा, वकिलांना पाठवायची आहे.

तुमची,
मीनू