आधी पक्षी, मग हॉटेल

संपादक महोदय,

पक्षी पाहायची सहल आखताना लोक आधी हॉटेल ठरवतात. क्रम उलटा हवा. ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर कुठला पक्षी वर्षात केव्हा दिसतो याचा तक्ता मिळतो, त्यावरून तारखा ठरवाव्यात. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरते. १२ पटीची हातात थरथरते. मुक्काम जवळच हवा, कारण सूर्योदयानंतरचे दोन-तीन तासच खरे.

मोबाइलवर साद वाजवून पक्षी बोलावणे मात्र टाळावेच. हद्दीत घुसखोर आला असे समजून नर चारा शोधणे सोडून भांडायला धावतो, पिल्ले उपाशी. वाटाड्याला हे पैसे ठरवतानाच बजावावे, नाहीतर गिऱ्हाईक खूश करायला तोच मोबाइल काढतो. घरट्याजवळ तर जाऊच नये. आपल्या मागावर कावळे असतात, त्यांना अंडी-पिल्लांचा पत्ता लागतो.

— एक पक्षीनिरीक्षक