संपाच्या चित्रात कामगाराला चेहरा का नसतो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१ मे रोजी आपल्या दैनिकाने कामगार दिनाची पुरवणी काढली आणि चारच दिवसांनी, ५ मे रोजी, जागतिक व्यंगचित्रकार दिनानिमित्त अर्धे पान चित्रांना दिले. दोन्ही मी काढून ठेवली आहेत. पुरवणीत एकही व्यंगचित्र नव्हते आणि त्या अर्ध्या पानात एकही कामगार नव्हता. हे कोणी ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही, परंतु सरकार आणि कामगार यांच्या भांडणावरची व्यंगचित्रे मी चाळीसेक वर्षे फार जवळून पाहिली आहेत आणि हा योगायोग मला नवा वाटला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी चित्रकार नव्हे. गिरणगावात वाढलो, वडील साचेखात्यात होते, आणि मी स्वतः एका दैनिकाच्या ब्लॉक खात्यात नोकरी केली. ऑफसेट छपाई येण्यापूर्वी व्यंगचित्र पानावर कसे उतरत असे, हे आजच्या वाचकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. चित्रकार काळ्या शाईने, छापायच्या आकारापेक्षा मोठे चित्र काढून पाठवीत. त्याची निगेटिव्ह घ्यायची, ती जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची आणि तो पत्रा ॲसिडच्या ट्रेमध्ये हलवत राहायचे. रेषा तेवढी उभी राहते, आजूबाजूचे जस्त खाल्ले जाते, आणि मग पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की ब्लॉक तयार. जाड रेषेला ॲसिड काही करत नाही. बारीक रेषा मात्र दोन्ही कडांनी खाल्ली जाते आणि पत्रा क्षणभर जास्त राहिला तर तुटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे एक चित्र आले होते. पुढे जाड कुंचल्याने काढलेले मंत्रिमहोदय, मागे गिरणीचा दरवाजा आणि दरवाजापुढे तीसचाळीस माणसे. चित्रकाराने त्या प्रत्येकाला वेगळे नाक, वेगळी मिशी, वेगळी टोपी दिली होती; एकाच्या वरच्या खिशातून बदली कामगाराच्या कार्डाचा कोपरा डोकावत होता. संपादकीय विभागाने चित्र दोन कॉलमांत बसवायला सांगितले आणि पत्रा माझ्या हातून थोडा जास्त वेळ राहिला. सकाळच्या अंकात मंत्र्यांच्या जाकिटाची बटणे मोजता येत होती, कामगारांचे मात्र काळे ठिपके झाले होते. चित्रकार दुपारी खात्यात आले. ते रागावले नाहीत; एवढेच म्हणाले की त्या गर्दीत त्यांचा एक चुलता होता आणि तो आता त्यांना सापडत नाही.

ॲसिडचे ट्रे गेले, ऑफसेट आले, संगणक आले, केसाएवढी रेषाही आता जशीच्या तशी उमटते. तरी ती माणसे चित्रात परतली नाहीत, तेव्हा दोष केवळ जस्ताचा नव्हता. व्यंगचित्राला ओळखीचा चेहरा लागतो आणि ओळखीचा चेहरा पुढाऱ्याचाच असतो. त्या संपाचेच पाहा. तो सुरू झाला त्या आठवड्यात मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी राजीनामा दिलेला होता आणि बाबासाहेब भोसले यांचा शपथविधी व्हायचा होता. वर्षभराने, फेब्रुवारी १९८३ मध्ये, वसंतदादा आले. एका संपात मुख्यमंत्र्यांचे तीन चेहरे आणि समोर संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत. चित्रकारांची चंगळ होती. भांडणाचा गाभा मात्र चेहऱ्यांत नव्हताच. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच संघटना गिरणी कामगारांची मान्यताप्राप्त प्रतिनिधी होती आणि कामगार तर सामंतांच्या मागे गेले होते. म्हणजे ज्याच्यामागे माणसे आहेत त्याच्याशी कायद्याने बोलणी होत नाहीत आणि ज्याच्याशी बोलणी होतात त्याच्यामागे माणसे नाहीत. याहून चांगला व्यंगचित्राचा विषय मी तरी पाहिलेला नाही, आणि असे चित्र माझ्या हातून एकदाही ट्रेमध्ये गेले नाही.

हा केवळ आपल्याकडचा दोष आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये मे १९२६ च्या नऊ दिवसांच्या सार्वत्रिक संपाच्या वेळी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. एका बाजूला ब्रिटिश झेंडा घेतलेला जॉन बुल, म्हणजे ब्रिटनचे माणसाच्या रूपातले प्रतीक, दुसऱ्या बाजूला संपाचा झेंडा घेतलेला कामगार, आणि जॉन बुल बजावतो की या दोहोंपैकी एक झेंडा खाली येईल व तो माझा नसेल. मूळ तंटा कोळशाच्या खाणमालकांना मजुरी कमी आणि कामाचे तास जास्त हवे होते म्हणून पेटला होता. चित्रात कोळशाचा कणही नाही. पुढे तिथले व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांनी तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघाला ओझ्याच्या घोड्याचे रूप दिले. प्रामाणिक, थोराड, जरा मंद असा तो घोडा प्रेमाने काढलेला होता हे खरे, पण माणसाचा घोडा झाला तो झालाच. आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे हे दोघेही लो यांना फार मानत, म्हणून त्यांचे नाव मी येथे मुद्दाम घेतले. १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने तर मुंबईतल्या नोकऱ्यांचा प्रश्न थेट ऐरणीवर आणला, पण ते काम ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरातील परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्यांनी अधिक केले.

लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’बद्दल बोलताना मला जरा भीतीच वाटते, कारण तो आपल्या सर्वांच्या घरातला आहे. चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाच्या कडेने उरलेले केस, आणि तोंडातून शब्द नाही. तो इतकी वर्षे रोज घरी येत होता, पण तो पोटासाठी काय करतो हे मला कधी कळले नाही. त्याच्यासाठी भोंगा वाजत नाही, त्याची पाळी बदलत नाही, त्याचा पगार कापला जात नाही. तो पाहतो. आणि त्याच्या पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली की संप म्हटला की आपण आपोआप त्याच्या शेजारी, म्हणजे रिकाम्या बसथांब्यावर, जाऊन उभे राहतो. २०२१-२२ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा मी पाहिलेल्या बहुतेक चित्रांत फलाटावर ताटकळणारा प्रवासी होता आणि विधानभवनात भांडणारे पुढारी होते. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण म्हणजे नेमके काय मागितले जात होते, हे सांगणारे चित्र मला सापडले नाही. प्रवाशाचे हाल खोटे नव्हते. पण खाकी गणवेशातला माणूसही कोणाचा तरी चुलता होता.

मग काढायचे काय, असे आपले चित्रकार विचारतील. माझे उत्तर असे की पुढाऱ्याइतकाच कागदही काढता येतो, आणि त्याचा उत्तम दाखला व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचा आहे. आणीबाणीत, १० डिसेंबर १९७५ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये त्यांनी राष्ट्रपतींना न्हाणीघरातल्या टबात बसवले आणि दारातून आलेल्या हाताकडे सही केलेला कागद देता देता, आणखी अध्यादेश असतील तर थांबायला सांगा, असे म्हणायला लावले. सगळे त्या चेहऱ्याला हसतात. मला तो कागद दिसतो, कारण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालेल्या एका अध्यादेशाने कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता. चाळीत त्या दिवाळीला फराळाचे डबे किती लहान झाले होते, हे मला आठवते.

असे कागद आजही आहेत. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपाची व्याख्या अशी आहे की एखाद्या दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी मिळून किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. रजेच्या अर्जांचा गठ्ठा, मुकादमाच्या हातात पाढ्यांचे पुस्तक आणि शंभर कामगारांतला पन्नासावा अर्ज घेऊन दारात उभा असलेला, मुलीच्या लग्नाला निघालेला माणूस, हे चित्र मला काढता येत नाही म्हणून मी शब्दांत सांगतो आहे.

आणखी एक अवघड विषय आहे आणि तो आपल्या स्वतःच्या घरातला असल्यामुळे आपण रागावणार नाही अशी आशा करतो. ५ मे हा दिवस १८९५ साली न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’मध्ये अवतरलेल्या ‘यलो किड’ या झोपडपट्टीतल्या पोरामुळे पाळला जातो. त्यानंतर चारच वर्षांनी, जुलै १८९९ मध्ये, ते वर्तमानपत्र रस्त्यावर विकणाऱ्या खऱ्याखुऱ्या पोरांनी त्याच्याविरुद्ध संप केला, कारण शंभर अंकांमागे पन्नासऐवजी साठ सेंट घेतले जात होते. आपल्याकडे पत्रकार व अन्य वृत्तपत्र कर्मचाऱ्यांसाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्राने २०११ मध्ये अधिसूचित केल्या, मालक न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या कायम केल्या. या प्रकरणावर एखाद्या मराठी दैनिकाने आपल्याच पानावर व्यंगचित्र छापलेले माझ्या पाहण्यात नाही. सरकारवर रोज चित्र काढण्याचा अधिकार आपण अभिमानाने सांगता आणि तो सांगायलाच हवा; मात्र कामगारांच्या तंट्यात वर्तमानपत्र नेहमी तिऱ्हाईत असते, असे मानणे ब्लॉक खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला जड जाते.

आपल्या पहिल्या पानावरचे चौकटीतले चित्र जाहिरातींमुळे बंद झाले, ते पुन्हा सुरू करावे ही विनंती. त्यात कधी एखाद्या कारखान्याच्या दारापुढची माणसे आली, तर चित्र दोन कॉलमांत बसवू नये, किमान तीन कॉलम द्यावेत. दोन कॉलमांत मागच्या रांगेतली नाके अजूनही एकमेकांत मिसळतात, हे मी परवाच भिंग लावून पाहिले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ब्लॉकमेकर
परळ, मुंबई